स्क्रीनवरचे डेड पिक्सेल कसे तपासायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉनिटर, लॅपटॉप, टीव्ही किंवा मोबाइलच्या पडद्यावर दिसलेल्या ठिपक्याबद्दल पुण्यातले वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वस्तू नुकतीच घरी आली असेल आणि परत करण्याची मुदत चालू असेल, तर आधी प्रश्न ३ आणि प्रश्न १० वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. डेड पिक्सेल म्हणजे नेमकं काय? सगळे ठिपके एकाच प्रकारचे असतात का?

नाही. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. एलसीडीवर (म्हणजे मागच्या दिव्याचा, बॅकलाइटचा, उजेड पिक्सेल अडवतात किंवा सोडतात अशा पडद्यावर) प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल असतात, म्हणजे एकूण ६२ लाखांहून जास्त. फोर-के पडद्यावर हा आकडा २ कोटी ४८ लाखांच्या पुढे जातो. यातल्या प्रत्येक उपपिक्सेलला स्वतःचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो.

तिन्ही उपपिक्सेल कायमचे बंद पडले, तर कोणत्याही रंगावर काळा ठिपका दिसतो. तो खरा डेड पिक्सेल. तिन्ही कायमचे चालू राहिले, तर काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका चमकतो. त्याला हॉट पिक्सेल म्हणतात. आणि तिघांपैकी एखादाच चालू किंवा बंद अवस्थेत अडकला, तर तो स्टक पिक्सेल. बोलताना आपण तिन्हींना ‘डेड पिक्सेल’च म्हणतो, पण तक्रार लिहिताना प्रकार अचूक लिहा. कंपन्या प्रत्येक प्रकार वेगळा मोजतात (प्रश्न ९).

टीएन, आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पॅनलचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या भागाचे, प्रकार. जुन्या टीएन पॅनलमध्ये वीज न मिळालेला पिक्सेल प्रकाश अडवत नाही, त्यामुळे तिथे ट्रान्झिस्टर गेला की ठिपका उजळ दिसतो. आयपीएस आणि व्हीए पॅनलमध्ये तोच बिघाड काळा दिसतो.

२. ठिपका केवढा असतो? नुसत्या डोळ्यांनी दिसतो का?

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण ०.२८ मिलिमीटरचा असतो, १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर ०.१८ चा, ५५ इंची फोर-के टीव्हीवर ०.३२ चा. साडेसहा इंची मोबाइलवर तो जेमतेम ०.०६ मिलिमीटर भरतो. मॉनिटर आणि टीव्हीवरचा पूर्ण पिक्सेल हातभर अंतरावरून सहज दिसतो. एकच उपपिक्सेल बिघडला असेल, तर योग्य रंगाचा पडदा लावल्याशिवाय तो हाती लागत नाही. मोबाइलसाठी दहापट भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतात ते चालतं.

३. घरच्या घरी तपासणी कशी करायची? वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?

लागत नाही. पाच रंगांची पाच चित्रं पुरतात: काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं. विंडोजमधल्या पेंटमध्ये कॅनव्हासचा आकार पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनइतका करा, बादलीने रंग भरा आणि पीएनजी म्हणून सेव्ह करा. रंग शुद्ध हवा. लाल म्हणजे २५५, ०, ०. हिरवा ०, २५५, ०. निळा ०, ०, २५५. पॅलेटमधला तयार ‘लाल’ बहुधा थोडा मिसळलेला असतो आणि त्यात अर्धवट बिघाड लपतो.

मग या क्रमाने जा:

पडदा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलकेच पुसा. डाग राहिले तर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलसर करा. पाणी थेट पडद्यावर फवारू नका. ते खालच्या कडेने आत उतरतं आणि तिथेच पॅनलला सिग्नल देणाऱ्या पट्ट्या जोडलेल्या असतात.

पडदा २० मिनिटं चालू ठेवून तापू द्या. काही अर्धवट बिघाड फक्त थंड किंवा फक्त गरम पडद्यावर दिसतात, म्हणून तपासणी सुरुवातीला एकदा आणि तापल्यावर एकदा, अशी दोनदा केलेली उत्तम.

नाइट लाइट, ब्लू लाइट फिल्टर, एचडीआर आणि आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद करा. नाइट लाइट चालू असेल तर निळा रंग दाबला जातो आणि निळ्या उपपिक्सेलचा दोष नजरेतून सुटतो.

चित्र पूर्ण पडद्यावर उघडा, माउसचा बाण कडेला न्या. टास्कबार झाकला गेलाय ना, तेही पाहा. त्याच पट्टीत ठिपका राहून गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

काळा पडदा रात्री, खोलीतले दिवे बंद करून, ब्राइटनेस १०० टक्के ठेवून पाहा. पांढरा पाहताना ब्राइटनेस ४०-५० टक्क्यांवर आणा, नाहीतर डोळे दिपतात आणि बारीक रंगीत ठिपका निसटतो.

नजर उगाच फिरवू नका. पडद्याचे मनाने नऊ चौकोन करा आणि प्रत्येक चौकोन सुमारे ३० सेंटिमीटरवरून पाच-सहा सेकंद पाहा. कोपरे आणि कडा शेवटी पुन्हा एकदा. पाचही रंगांना मिळून दहा मिनिटांच्या आत काम होतं.

४. मी काळा आणि पांढरा पडदा लावून पाहिला, काही दिसलं नाही. एवढं पुरेसं नाही का?

पुरेसं नाही. सर्वांत जास्त दोष इथेच नजरेतून सुटतात.

समजा लाल उपपिक्सेल बंद अवस्थेत अडकला आहे. काळ्या पडद्यावर तो दिसणारच नाही, कारण तिथे तो बंदच असायला हवा. हिरव्या आणि निळ्या पडद्यावरही दिसणार नाही. पांढऱ्यावर त्या जागी हिरवा आणि निळा मिळून फिकट आकाशी ठिपका उमटेल. लाल पडद्यावर मात्र तोच दोष ठसठशीत काळा दिसेल. हिरवा बंद असेल तर पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपका, निळा बंद असेल तर पिवळा. हा पिवळा सर्वांत फसवा. पांढऱ्या रंगाच्या एकूण उजेडात निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के असतो. तो गेला तरी डोळ्याला फरक जाणवत नाही. निळा पडदा लावला की लगेच सापडतो.

उलट, लाल उपपिक्सेल चालू अवस्थेत अडकला असेल तर काळ्यावर लाल, हिरव्यावर पिवळा, निळ्यावर जांभळट गुलाबी दिसतो आणि पांढऱ्यावर पूर्ण गायब होतो. म्हणून पाचही रंग.

५. ठिपका आहे, पण तो पिक्सेल आहे की धूळ, हे कसं ओळखू?

पिक्सेल नेहमी चौकोनी जाळीत बसलेला असतो: कडा धारदार, आकार ठरलेला, आणि पडद्याचा रंग बदलला की त्याचं दिसणं बदलतं किंवा तो नाहीसा होतो. धुळीचा कण ओबडधोबड असतो, बहुतेक सगळ्या रंगांवर तसाच काळपट राहतो. मान डावी-उजवीकडे करून पाहा. काचेवरचा किंवा काचेखालचा कण मागच्या चित्राच्या तुलनेत किंचित सरकल्यासारखा वाटतो. पिक्सेल सरकत नाही. पडद्याच्या मागच्या थरांत, बॅकलाइटच्या बाजूला धूळ गेली असेल तर धूसर, पसरट सावली दिसते. ती साफ करायला पॅनल उघडावं लागतं, ते घरी करू नये.

६. पावसाळ्यात पडद्याच्या आत बारीक काळा ठिपका आला आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून बसला. हे काय?

चिलट. दिव्याला येणारे बारीक किडे मॉनिटरच्या मागच्या फटींतून शिरतात आणि बॅकलाइटच्या उजेडाकडे जात थेट पॅनलमागच्या थरांत पोचतात. जून ते सप्टेंबरमध्ये, झाडांजवळच्या घरांत हे हमखास होतं.

त्यावर बोट दाबू नका. किडा तिथेच चिरडला की तो डाग कायमचा. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा आणि बाहेर, मॉनिटरपासून दोन-तीन फुटांवर एक दिवा लावून ठेवा. जिवंत असेल तर बहुतेक वेळा तो उजेडाकडे बाहेर पडतो. संध्याकाळी खिडक्या उघड्या असतील तर मॉनिटर विनाकारण चालू ठेवू नका.

७. दोष पॅनलमध्ये आहे की ग्राफिक्स कार्डात?

स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून मोठा करून पाहा. स्क्रीनशॉटमध्ये ठिपका आला तर दोष पॅनलमध्ये नाही. सॉफ्टवेअर किंवा ग्राफिक्सकडे पाहावं लागेल. आला नाही तर रोख पॅनलकडे. बाहेरचा मॉनिटर असेल तर केबल आणि पोर्ट बदलून पाहा: ठिपका जागेवरच राहिला तर पॅनल, हलला किंवा गेला तर सिग्नल.

८. टीव्हीची तपासणी मॉनिटरसारखीच करायची का? की काही वेगळं?

रंग तेच, पण टीव्ही स्वतःहून चित्रात ढवळाढवळ करतो, ती आधी थांबवावी लागते. एनर्जी सेव्हिंग, खोलीच्या उजेडाप्रमाणे बदलणारा सेन्सर आणि डायनॅमिक मोड बंद करा. चित्रं पेन ड्राइव्हवरून दाखवा; पीएनजी उघडत नसेल तर जेपीजी करा, एकरंगी चित्राला त्याने फरक पडत नाही. लॅपटॉप एचडीएमआयने जोडणार असाल तर पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा, म्हणजे चित्राची कड कापली जाणार नाही.

लोकल डिमिंग असलेल्या टीव्हीवर एक अडचण येते. पूर्ण काळं चित्र लावलं की टीव्ही मागचे दिवेच विझवतो. अडकलेला पिक्सेल उघडा असतो, पण मागून उजेडच नसल्याने दिसत नाही. डिमिंग बंद करता येत असेल तर करा. नसेल तर काळ्याऐवजी गडद राखाडी चित्र घ्या, रंगाचे आकडे २०, २०, २०.

टीव्हीचं खोकं कंपनीचा तंत्रज्ञ उघडणार असेल, तर पेन ड्राइव्ह तयार ठेवा आणि त्याच्यासमोरच पाचही रंग पाहा. दोष दिसला तर इन्स्टॉलेशनच्या कागदावर तो लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. ती एक ओळ पुढे फार कामाला येते.

९. कंपनी म्हणते, ‘एक-दोन ठिपके चालतात.’ हे खरं आहे का?

बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत तसं लिहिलेलं असतं, आणि त्याचं मूळ आंतरराष्ट्रीय मानकात आहे. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ मानकाने पॅनलचे चार वर्ग केले. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागे कायम उजळ असे २, कायम काळे असे २ आणि उपपिक्सेलचे ५ दोष चालतात. फुल एचडीसाठी हिशेब केला तर साधारण ४ उजळ, ४ काळे आणि १० उपपिक्सेल. २००८ मध्ये या मानकाची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली, पण वर्गांची पद्धत कायम राहिली.

कोणता वर्ग पाळायचा, हे कंपनी ठरवते. काही कंपन्या महागड्या मॉनिटरवर ‘एकही उजळ ठिपका चालणार नाही’ अशी हमी देतात. उजळ ठिपका काळ्यापेक्षा जास्त खुपतो, म्हणून नियमही त्याच्याबाबत कडक असतात. कारखान्यात तर उजळ पिक्सेल लेसरने मुद्दाम काळा करतात. विकत घेण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची पिक्सेल पॉलिसी शोधून पान सेव्ह करून ठेवा. आमच्या मते ४०-५० हजारांच्या मॉनिटरवर मध्यभागी एक हिरवा ठिपकाही खपवून घेऊ नये, पण तो वाद वॉरंटीत घालण्यापेक्षा परत करण्याच्या मुदतीत घातलेला सोपा.

१०. सेलमध्ये टीव्ही घेतला, पण उघडायचा पाडव्याच्या मुहूर्तावर आहे. काही अडचण?

मोठी अडचण. ऑनलाइन खरेदीत परत किंवा बदलून देण्याची मुदत वस्तू घरी पोचल्यापासून मोजतात, खोकं उघडल्यापासून नाही. ही मुदत त्या वस्तूच्या पानावर लिहिलेली असते. अनेकदा ती आठवडा-दहा दिवसांचीच असते आणि त्यात पैसे परत नसून फक्त बदली वस्तू मिळते. मुदतीत एक ठिपकाही बदलून मिळू शकतो. मुदत संपली की प्रकरण वॉरंटीत जातं आणि तिथे प्रश्न ९ मधले आकडे लागू होतात. पूजा पाडव्याला करा, तपासणी मात्र वस्तू आली त्याच दिवशी.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल आणि सील, मग सीरियल नंबर, मग पडदा चालू करून पाचही रंग. मध्ये कट नको. खोकं आणि आतलं थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका.

११. दुकानातून घेताना तिथेच तपासता येईल का?

येईल, आणि करावंच. टिळक रोडवर काय किंवा तुमच्या भागातल्या दुकानात काय, पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा: ‘खोकं इथे उघडून स्क्रीन दाखवाल का? ठिपका निघाला तर दुसरा पीस द्याल का?’ उत्तर ‘हो’ आलं तर बिलावर तसं लिहून घ्या. दुकानाचे ट्यूबलाइट पडद्यावर चमकतात, त्यामुळे तिथे काळा पडदा नीट कळत नाही. लाल, हिरवा, निळा, पांढरा नीट पाहून घ्या आणि काळा त्याच रात्री घरी.

१२. जुना किंवा रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतोय. विंडोजच टाकलेलं नाही, मग तपासू कसा?

डेलच्या बहुतेक लॅपटॉपवर डी हे बटण दाबून ठेवून पॉवर दाबा. पडदा स्वतःच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवतो. ही चाचणी पॅनलचीच असते, विंडोज नसलं तरी चालते. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी चालू होऊ शकणारा लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि त्यावर पाच चित्रं सोबत ठेवा. आयटी कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप असोत की बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातले, पैसे देण्याआधी पडदा चालू झालाच पाहिजे. ‘चार्जर नाही, घरी जाऊन बघा’ असं ऐकू आलं तर पुढे चला. ठिपक्यांबरोबर प्रश्न १५ मधले पांढरे डागही पाहा, वापरलेल्या लॅपटॉपवर ते जास्त आढळतात.

१३. मोबाइलवर कसं तपासायचं?

सॅमसंगच्या बहुतेक फोनवर डायलरमध्ये स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असं टाइप केलं की चाचणीचा पडदा उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा ही बटणं असतात. इतर फोनवर पाच चित्रं गॅलरीत पूर्ण पडद्यावर उघडा. स्क्रीन गार्ड लावण्याआधी तपासा, कारण गार्डखालचा बुडबुडा आणि धूळ हुबेहूब ठिपक्यासारखी दिसते. भिंगातून पाहताना अमोलेड पडद्यावर (हा ओलेडचा प्रकार, यात बॅकलाइट नसतो, पिक्सेल स्वतःच उजळतात) उपपिक्सेलची मांडणी तिरपी आणि विषम दिसेल. हिरवे जास्त, लाल-निळे कमी. ती रचनाच तशी असते, बिघाड नाही.

१४. स्टक पिक्सेल दुरुस्त होतो का? दाबून, चोळून?

डेड पिक्सेल होत नाही. स्टक पिक्सेल कधीकधी होतो. त्या जागेवर झपाट्याने रंग बदलणारी छोटी खिडकी लावून ठेवतात. त्याची मोफत साधनं मिळतात. अर्धा तास लावा, फरक नसेल तर आणखी काही तास. दोन-तीन प्रयत्नांनंतरही तसाच असेल तर सोडून द्या. घरात कोणाला फिट येत असतील तर हा लुकलुकणारा पडदा त्यांच्या नजरेपासून दूर ठेवा. ओलेडवर हे करू नका. तिथे दोषाचं कारणच वेगळं असतं आणि पडद्याची झीज तेवढी होते.

कापडातून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबण्याचा उपाय आम्ही सुचवत नाही. शेजारचे पिक्सेल जातात किंवा प्रश्न १५ मधला डाग उमटतो, आणि दाबाच्या खुणा दिसल्या की वॉरंटी नाकारली जाते. परत करण्याची मुदत चालू असेल तर कोणताच उपाय करू नका, आहे तशी वस्तू परत करा.

१५. लॅपटॉपवर ठिपका नाही, पण पांढरट गोल डाग आहे. तोही डेड पिक्सेल का?

नाही, तो दाबाचा डाग. पॅनलमागे उजेड सारखा पसरवणारे पातळ थर असतात. बाहेरून दाब पडला की ते त्या जागी दबतात आणि उजेड तिथे जास्त फुटतो. लॅपटॉप सॅकमध्ये डब्याला, चार्जरला टेकून ठेवलेला, आणि सॅक पाठीवर घेऊन दुचाकीने खड्ड्यांतून रोज हिंजवडी किंवा खराडी: हे डाग बहुतेक असेच येतात. चार्जर वेगळ्या कप्प्यात ठेवा, पडद्याची बाजू पाठीकडे नको आणि डब्याकडेही नको. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहून झाकण मिटलं तरी हाच परिणाम. वॉरंटीत हा डाग बहुधा ‘वापरामुळे झालेलं नुकसान’ म्हणून नाकारला जातो.

१६. उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली आहे. पिक्सेलची रांग गेली का?

पिक्सेल गेले नाहीत, त्या रांगेला सिग्नल पोचत नाही. पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीचा जोड सैल झाला किंवा ड्रायव्हर चिपची एक वाट बंद पडली की पूर्ण रेघ येते. यावर प्रश्न ९ मधली सूट लागू होत नाही. वॉरंटीत असेल तर पॅनल बदलून मागा.

१७. एका ठिपक्याचे पुढे अनेक होतात का?

एलसीडीवर पिक्सेलचा दोष शेजाऱ्याला लागत नाही. नवे ठिपके येत असतील तर प्रत्येकाचं कारण स्वतंत्र असतं. ओलेडवर मात्र सावध राहा. कडेने ओलावा आत शिरला तर तिथला काळा डाग हळूहळू वाढतो. डागाच्या शेजारी पट्टी धरून फोटो काढा, दोन आठवड्यांनी तसाच पुन्हा काढा आणि तुलना करा.

१८. तक्रारीसाठी फोटो काढतो, पण ठिपका नीट येतच नाही.

दोन फोटो हवेत. एक पूर्ण पडद्याचा, ज्यात ठिपक्याशेजारी कागदाचा छोटा बाण चिकटवलेला आहे. दुसरा दहा-बारा सेंटिमीटरवरून, ठिपक्यावर बोट टेकवून फोकस पक्का करून आणि एक्स्पोजर खाली ओढून. सोबत लिहा: ‘डाव्या कडेपासून १४ सेंमी, वरून ६ सेंमी, लाल पडद्यावर काळा, पांढऱ्यावर आकाशी.’ एवढं लिहिलं की सर्व्हिस सेंटरला ‘आम्हाला दिसला नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

१९. पॅनल बदलायचंच ठरलं, तर काय पाहायचं?

एक पिक्सेल कोणीच दुरुस्त करून देत नाही, पूर्ण पॅनलच बदलावं लागतं. टीव्हीच्या बाबतीत तो खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. लॅपटॉपचं पॅनल वेगळं मिळतं. जुन्या पॅनलच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, ते जुळवा. ‘ए प्लस ग्रेड’ या शब्दावर विसंबू नका. बसवण्याआधी नुसता कनेक्टर जोडून पाचही रंग पाहून घ्या. एकदा चिकटपट्ट्या लागल्या की पॅनल परत घेत नाहीत.

२०. विक्रेता आणि कंपनी, दोघंही दाद देत नाहीत. पुढे काय?

आधी लेखी तक्रार करा. नुसत्या फोनची नोंद हातात राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे अनेक प्रकरणं मिटतात. तरी न मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे ऑनलाइन विक्रेता बंगळूरूचा असला तरी तक्रार पुण्यात करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कंपनी तिथे पिक्सेल पॉलिसी पुढे करेल, म्हणून खरेदीच्या वेळी ती पॉलिसी तुम्हाला दाखवली होती का, हा मुद्दा तक्रारीत जरूर घ्या. सोबत बिल, प्रश्न १० मधला व्हिडिओ आणि प्रश्न १८ मधले फोटो जोडा.